आधी उडी, मग फिरकी

ओवे गाव, ओवे कॅम्प आणि खारघरच्या या टोकाला उभ्या राहिलेल्या नव्या इमारती, या पट्ट्यातल्या घरांत सकाळी आईवडील बेलापूरच्या नाहीतर मुंबईच्या वाटेला लागतात आणि मुलांना शाळेतून क्लासला, क्लासमधून घरी नेण्याचे काम आजी-आजोबांकडे येते. त्यामुळे अलीकडे माझ्या दवाखान्यात एक नवीच गंमत होते. आजोबांचा रक्तदाब मोजून होतो, गोळ्यांची चिठ्ठी लिहून होते आणि उठता उठता प्रश्न येतो, “डॉक्टर, नातीचं जरा विचारायचं होतं. ती जिम्नॅस्टिक्सला जाते ना, तिची ती फिरकी बिघडलीय.”

हा प्रश्न इतक्या वेळा आणि इतक्या काळजीने विचारला गेला आहे, की या अंकातील जागा त्यालाच द्यावी असे वाटले. तक्रारीचे स्वरूप बहुधा एकच असते. मूल दहा ते चौदा वर्षांचे असते. कोलांट्या उत्तम येतात. त्यात फिरकी घालायला शिकायला लागले, काही महिने जमली आणि मग ती कुठेतरी अडली. अर्धीच होते, वाकडी होते, किंवा एके दिवशी अजिबात होईनाशी होते. घरात मग तीन निदाने ठरलेली असतात: घाबरते, आळशी झाली, नाहीतर दृष्ट लागली. चौथे निदान क्वचितच कुणी करते. ते असे, की फिरकीच्या आधीची पायरी कच्ची राहिली आहे.

आपल्यापैकी पुष्कळांनी कोलांटी मारलेली आहे, फिरकी मात्र नाही. म्हणून दोहोंतला फरक आधी समजून घेऊ. विहिरीवरचा रहाट आणि अंगणातला भोवरा डोळ्यांपुढे आणा. कोलांटीत शरीर रहाटासारखे फिरते, म्हणजे कमरेतून आडव्या जाणाऱ्या आसाभोवती. फिरकीत ते भोवऱ्यासारखे फिरते, डोक्यापासून पायांपर्यंत जाणाऱ्या उभ्या आसाभोवती. मुले ज्याला ‘फुल’ म्हणतात त्यात मागे मारलेली सरळ कोलांटी आणि एक पूर्ण फिरकी एकाच उडीत बसवायची असते. रहाट आणि भोवरा एकाच वेळी, तेही हवेत, आणि सारा खेळ साधारण एका सेकंदाच्या आत.

फिरकी हा शब्द आपल्याला परका नाही. मल्लखांबात त्या नावाचा एक प्रकारच आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाची विद्या पुन्हा उभी केली हे आपण शाळेत वाचले आहे. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराने १९२५ पासून ती मुंबईत जोपासली आणि तिथल्या उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. मल्लखांब शिकलेल्या कुणालाही विचारा, अढी पक्की नसेल तर त्यावरचे पुढचे काही बसत नाही, असेच तो सांगेल. जिम्नॅस्टिक्सच्या उड्यांत धरायला खांबही नसतो. म्हणून तिथे पायरीचा हट्ट अधिक धरावा लागतो, कमी नव्हे.

आता बिघाड नेमका कुठे होतो ते पाहू. सर्वांत नेहमीचा दोष म्हणजे पाय जमिनीवरून सुटण्याआधीच शरीर पिळायला लागणे. मुलाच्या मनात पूर्ण फिरकीची घाई असते, त्यामुळे खांदे आधीच वळतात, एक पाय दुसऱ्याआधी सुटतो आणि जी ताकद सरळ वर उडायला लागायची ती आडवी वाया जाते. उंची कमी मिळाली की वेळ कमी मिळतो. वेळ कमी मिळाला की फिरकी अपुरी राहते. मग ‘अपुरी राहते’ म्हणून मूल पुढच्या खेपेस आणखी लवकर वळते, आणि दोष वाढत जातो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, ही पुरेशी जोरात फिरत नाही. खरे तर ती पुरेशी उडत नसते.

दुसरा दोष डोक्याचा. वळायचे म्हणून मान झटकन खांद्यावर टाकली जाते. डोके वळले की शरीर मागोमाग येईल, असे मुलांना वाटते. प्रत्यक्षात मान मागे किंवा बाजूला टाकली की पाठीचा कणा वाकतो आणि सरळ आस मोडतो. आपल्या घरातली जुनी दोरीची रवी आठवा. रवी सरळ असली तर ताक घुसळले जाते. ती जराशी तिरकी झाली की भांड्यावर आपटायला लागते. शरीराचेही तसेच आहे. पोट आत, पार्श्वभाग आवळलेला, गुडघे जुळलेले, पायाची बोटे ताणलेली, असे एकसंध शरीर थोड्याशा वळणानेही फिरते. सैल शरीराला कितीही वळवा, वरचा भाग फिरतो आणि खालचा मागे राहतो.

तिसरी गोष्ट हातांची. एकदा पाय सुटले, की शरीरातले एकूण फिरणे वाढवता येत नाही. आहे तेच वापरावे लागते. हात पसरलेले असतील तर वेग कमी, छातीशी आवळले की वेग जास्त. फिरत्या खुर्चीत बसून हात पसरणारे आणि मिटणारे मूल हा नियम पुस्तक न वाचता शिकते. म्हणून उत्तम फिरकीत हात आधी पूर्ण वर ताणले जातात, उंची मिळते, मग ते झटकन शरीराशी येतात, फिरकी होते, आणि जमीन जवळ येताच पुन्हा उघडतात. तो शेवटचा ‘उघडण्याचा’ भाग फार महत्त्वाचा. हात उघडले की फिरणे मंदावते आणि पाय टेकताना शरीर स्थिर असते. जी मुले हात उघडतच नाहीत ती जमिनीवर पाय रोवल्यावरही फिरत राहतात. पाऊल चटईला चिकटलेले, मांडी वळते आहे, आणि मधे गुडघा. ज्यांनी गुडघ्याचा सांधा आतून पाहिला आहे त्यांना यापुढचे सांगायला नको.

सुधारणा जमिनीवरून सुरू होते, आणि ती दिसायला अगदी कंटाळवाणी असते. पाठीवर झोपून हात डोक्यावरून ताणायचे, खांदे आणि टाचा किंचित उचलायच्या आणि हातपाय न टेकवता, शरीर न मोडता, लाटण्यासारखे पोटावर आणि पुन्हा पाठीवर लोळायचे. करून पाहणारे मूल दहाव्या खेपेला घामाघूम होते. त्यानंतर उभ्याने सरळ उडी: वर जायचे, खाली यायचे, गुडघे थोडे वाकवून, पाय कमरेइतक्या अंतरावर ठेवून उतरायचे आणि मनात तीन अंक मोजेपर्यंत हलायचे नाही. हे नीट जमले, की त्यात पाव वळण, मग अर्धे, मग पूर्ण. भिंतीवर एक खूण करावी आणि उतरल्यावर नाक त्या खुणेसमोर आहे का ते पाहावे. नाक चुकले तर फिरकी चुकली. त्यात वाद नाही.

या तीन गोष्टी घरात सतरंजीवर किंवा योगासनांच्या चटईवर करायला हरकत नाही, फक्त लादीवर मोजे घालून करू नयेत. इथून पुढचे सारे क्लासमध्ये, प्रशिक्षकाच्या हाताखाली. फिरकीशिवायची सरळ मागची कोलांटी, शरीर फळीसारखे ताठ, दहापैकी नऊ वेळा एकसारखी येऊ लागेपर्यंत तीत वळण घालू नये, हा हिशेब मी घरच्यांना सांगतो. प्रशिक्षक कदाचित वेगळा आकडा सांगेल. त्याचा आकडा माझ्यापेक्षा मोठा असेल तर तो खरा माना. मग ट्रॅम्पोलिनवर, जाड मऊ गादीवर आधी हाफ, मग फुल, आणि सरतेशेवटी जमिनीवर.

इथे एक छोटीशी विनंती. प्रत्येक मुलाची वळण्याची एक बाजू असते, जशी लिहिण्याची असते. काहींची डावी, काहींची उजवी. ती प्रशिक्षकाला ओळखू द्यावी आणि एकदा ठरली की बदलू नये. डावखुऱ्या मुलांना पट्टीने मारून उजव्या हाताने लिहायला लावणारी आपली पिढी आहे. “उजवीकडून फीर, शुभ असतं,” असे सांगणारे आजोबा मला भेटलेले आहेत. प्रदक्षिणेचा नियम कोलांटीला लावू नये.

आता त्या विचित्र प्रकाराकडे येऊ, ज्यात जमत असलेली फिरकी एकाएकी नाहीशी होते. २०२१ च्या जुलैत टोकियो ऑलिंपिकमध्ये सिमोन बाइल्स ही जगातली सर्वश्रेष्ठ जिम्नॅस्ट व्हॉल्टवर अडीच फिरक्या घेण्यासाठी उडाली आणि दीडच घेऊन उतरली. हवेत आपण कुठे आहोत हेच तिला कळेनासे झाले होते. तिने सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली. तिच्यावर टीका झाली. भ्याली, देशाला सोडून गेली, असे म्हणणारे निघाले. जिम्नॅस्ट मंडळींना मात्र हा प्रकार ठाऊक होता. त्यांच्या बोलीत त्याला ‘ट्विस्टीज’ असे नावही आहे. बाइल्सने नंतर काय केले ते आपल्या उपयोगाचे आहे. ३ ऑगस्टला ती बॅलन्स बीमवर उतरली तेव्हा शेवटच्या उडीत तिने फिरकी ठेवलीच नाही. कोलांट्या ठेवल्या, फिरकी काढली. तीत तिला कांस्यपदक मिळाले. तीन वर्षांनी, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये, फिरक्यांसकट परतून तिने तीन सुवर्ण आणि एक रौप्य जिंकले.

असे का होते? आपल्या प्रत्येक कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकृती नलिका असतात आणि त्यांत द्रव असतो. डोके फिरले की तो द्रव किंचित मागे राहतो आणि मेंदूला कोणत्या दिशेने, किती वेगाने फिरतो आहोत हे कळते. डोळे मधूनच जमीन टिपतात. स्नायू आणि सांधे आपापली खबर देतात. या तिन्ही खबरांचा मेळ लहान मेंदू घालतो, आणि सरावाने तो इतका पक्का होतो की विचार करावा लागत नाही. विचाराला वेळही नसतो. पण ताण, अपुरी झोप, एखादे वाईट पडणे, किंवा चार महिन्यांत उंची भराभर वाढणे अशा कारणांनी तो मेळ कधी कधी चुकतो. वयात येणाऱ्या मुलांत शेवटचे कारण मला फार वेळा दिसते. हातपाय नवे, मेंदूतला नकाशा जुना. जी फिरकी आपोआप व्हायची ती मूल मुद्दाम करू पाहते, आणि मुद्दाम करताच ती हातची जाते. जिना उतरताना प्रत्येक पावलाचा विचार करून पाहा, अडखळायला होईल.

अशा मुलाला “हिंमत कर, एकदाच कर” म्हणणे हे त्याला डोळे बांधून उडी मारायला सांगण्यासारखे आहे. ते भित्रे झालेले नसते. त्याला हवेत दिशा सापडत नसते, आणि जे सापडत नाही ते धैर्याने सापडत नाही. उपाय एकच: जिथपर्यंत खात्री आहे तिथपर्यंत खाली उतरायचे. फुल गेली तर हाफ, हाफ गेली तर सरळ कोलांटी, तीही डळमळली तर भिंतीवरच्या खुणेसमोरची साधी उडी. काही मुले दोन आठवड्यांत परततात, काहींना काही महिने लागतात. रोज संध्याकाळी “आज झाली का?” हा प्रश्न घरातून बंद झाला, तर हा काळ कमी होतो असा माझा अनुभव आहे. दृष्ट काढायची असेल तर काढा, माझी हरकत नाही. मात्र ती काढल्यावर “आता बघ, उद्या होईल” असे म्हणू नका. उद्या नाही झाली, तर मुलाला दुहेरी अपराधी वाटते.

मात्र एक भेद करायला शिकावे लागेल. फक्त हवेत, फक्त फिरकीतच गोंधळ होतो आणि एरवी मूल ठणठणीत आहे, तर वर सांगितलेला प्रकार. पण अंथरुणावरून उठताना, बसमध्ये, शाळेच्या प्रार्थनेत उभे असताना चक्कर येत असेल, सोबत डोके दुखत असेल, कानात आवाज येत असेल किंवा ऐकू कमी येत असेल, तर तो जिम्नॅस्टिक्सचा प्रश्न नव्हे. रक्तातले लोह, अर्धशिशी, कानाचा संसर्ग अशी अनेक कारणे असू शकतात. तपासणी होईपर्यंत उड्या पूर्ण बंद.

नलिकांचा विषय निघालाच आहे तर दोन ओळी आपल्यासाठीही. वय वाढले की कानातले कॅल्शियमचे सूक्ष्म कण सुटून याच नलिकांत शिरतात आणि कूस बदलताना किंवा फडताळातून डबा काढायला मान वर केली की खोली गरगरते. यावर गोळ्यांपेक्षा डोके ठरावीक रीतीने वळवण्याची क्रिया अधिक उपयोगी पडते, ती डॉक्टरांकडून करून घ्यावी. आणि मागून कुणी हाक मारली तर पाय जागच्या जागी ठेवून कमरेतून वळू नका. तीन-चार छोटी पावले टाकून सबंध शरीर वळवा. पाय रोवून वरचे अंग पिळण्याची जी खोड नातीचा गुडघा दुखावते, तीच आजीला पाडते. नातीला “मी करून दाखवते” असे म्हणण्याचा मोह होईल. तो आवरा.

दुखण्यांविषयी सांगायचे ते थोडे आहे, पण विसरू नये असे आहे. उतरताना गुडघ्यात ‘खट्’ असा आवाज आला आणि काही तासांत गुडघा सुजला, तर चोळणे नाही, तेल नाही, ओळखीच्या हाडवैद्याकडे ‘बसवून’ घेणे नाही. गुडघा स्थिर ठेवून अस्थिरोगतज्ज्ञ. घोटा मुरगळून मूल चार पावलेही टाकू शकत नसेल, तर एक्स-रे. मागे वाकताना कमरेत दुखते आणि ते दोन-तीन आठवडे रेंगाळते, तर वाढत्या वयात मणक्याच्या हाडाला सूक्ष्म तडा गेलेला असू शकतो. ‘वाढीचे दुखणे’ म्हणून ते सोडून देऊ नये. डोक्यावर पडल्यानंतर उलटी, गुंगी, असंबद्ध बोलणे, वाढती डोकेदुखी यांपैकी काहीही दिसले तर रुग्णालय गाठावे. मानेवर पडून हातापायाला मुंग्या आल्या, तर मुलाला उचलू नका, बसवू नका, पाणी पाजू नका. जागेवर मान स्थिर धरून १०८ ला फोन करा. वजन वाढेल म्हणून जेवण टाळणाऱ्या आणि पाळी तीन महिने थांबलेल्या मुलीलाही डॉक्टरांकडे न्यावे. ते खेळाडूपणाचे लक्षण मानले जाते, ते तसे नाही.

क्लास निवडताना भिंतीवरच्या ट्रॉफींपेक्षा जमीन बघावी. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये लादीवर इंचभर जाडीच्या रबरी चटया जोडून जिथे शिकवतात, तिथे व्यायाम, लवचीकपणा, हातांवर उभे राहणे हे सारे चालेल. हवेतल्या फिरकीसाठी स्प्रिंगची किंवा जाड फोमची जमीन आणि मऊ गादी हवी. ती नसेल तर प्रशिक्षक कितीही चांगला असो, फिरकी तिथे शिकवू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वांत जास्त चिंता मला डिसेंबरची वाटते. चीअरलीडिंग हा शब्द आपल्याकडे २००८ साली आयपीएलबरोबर घरोघर पोहोचला; तिथे दिसते ते बहुतांशी नृत्य. बाहेर मात्र तो कोलांट्या-फिरक्यांचा रीतसर क्रीडाप्रकार आहे आणि २०२१ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला ऑलिंपिक समितीची पूर्ण मान्यताही मिळाली. त्याच्या चित्रफिती पाहून शाळेच्या स्नेहसंमेलनात तसा कार्यक्रम बसवला जातो, आणि “तुमच्या मुलीला जमतं ना, मग मधोमध ती एक फुल मारेल,” असे ठरते. रंगमंच प्लायवुडच्या फळ्यांचा. त्यावर गालिचा, गालिच्याखाली फळ्यांमधल्या फटी. समोरून डोळ्यांत दिवे. पडण्याच्या जागेवर मैत्रिणी उभ्या. गादीवर दहापैकी नऊ वेळा जमणारी फिरकीही तिथे करू नये. जी गेले तीन आठवडे हरवलेली आहे तिचा तर प्रश्नच नाही. हातांवरची चक्री, सरळ उडीतले एक स्वच्छ पूर्ण वळण आणि हलता न उतरणे, यालाही टाळ्या पडतात.

आईवडिलांना शाळेत ‘नाही’ म्हणायचा संकोच वाटतो, मुलीला वर्गात हसे होण्याची भीती असते. आजी-आजोबांना यातले काहीच आड येत नाही. तालमीच्या वेळी शाळेच्या फाटकाशी आपणच उभे असता. बाईंना शांतपणे सांगा, आणि कागद हवा असेल तर मुलीला घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा. अशा चिठ्ठ्या मी दरवर्षी नोव्हेंबरपासून लिहितो. तीवर दोनच ओळी असतात: पुढील सूचनेपर्यंत फिरकी बंद. सरळ उड्या आणि उतरण्याचा सराव चालू ठेवावा.